सत्तर जागांची मराठी

उधना, सुरत
२० जुलै २०२५

प्रिय छाये,

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "अगं, सगळं जग व्हॉट्सॲपवर गेलं आणि तू अजून मेसेजचं दुकान मांडून काय बसलीस?" तेवढ्यात आईने हाक मारली आणि उत्तर राहून गेलं. खरं सांगायचं तर ते फोनवर मावलंही नसतं. म्हणून हे पत्र. शिवाय माझ्या धंद्याची मापं जिथे ठरली ते गाव नेमकं तुझं बॉन आहे, हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं.

तुझ्या त्या गावात फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाचे एक इंजिनिअर राहायचे. १९८५ साली त्यांनी घरी टाइपरायटरसमोर बसून सुचतील ती वाक्यं, सुचतील ते प्रश्न टाइप केले आणि अक्षरं, मोकळ्या जागा, विरामचिन्हं असं सगळं मोजत गेले. बहुतेक मजकूर एक-दोन ओळींत, १६० च्या आत संपत होता. पोस्टकार्डावर आणि टेलेक्सवर माणसं किती लिहितात तेही पाहिलं, तिथेही लोक थोडक्यात उरकत होते. ठरलं, १६० पुरे. पुढे ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडात नील पॅपवर्थ या तरुण इंजिनिअरने संगणकावरून व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याच्या फोनवर 'मेरी ख्रिसमस' पाठवलं. तो पहिला मेसेज.

आता यातली मेख ऐक. तू कुणाशी बोलत नसलीस तरी तुझा फोन आणि टॉवर यांच्यात अधूनमधून खुणांची देवाणघेवाण होत असते. त्यासाठी एक वेगळी वाट राखलेली असते आणि मेसेज त्याच वाटेने जातो. म्हणून त्याला इंटरनेट लागत नाही, डेटा पॅक लागत नाही, साध्या बटणांच्या फोनवरही तो येतो. पण वाट चिंचोळी आहे. एका मेसेजला १४० बाइट जागा, बस. रोमन अक्षराला सात बिट लागतात, म्हणून तेवढ्यात १६० अक्षरं बसतात. त्या सात बिटांच्या मूळ तक्त्यात तुझ्या जर्मनचे टिंबवाले स्वर आहेत, ग्रीकची काही मोठी अक्षरंसुद्धा आहेत. देवनागरी नाही. तिच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट द्यावे लागतात. भागाकार कर. ७० येतात.

आणि ही सत्तर अक्षरंही नव्हेत. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला लपलेला हलन्त, प्रत्येकाची जागा वेगळी मोजली जाते. 'विद्यार्थ्यांना' हा शब्द आपण चार अक्षरांत लिहितो, संगणक त्याच्या पंधरा जागा लावतो. 'मुलांना' लिहिलं तर सात. सत्तरच्या पुढे एक टिंब गेलं की मेसेजचे दोन तुकडे होतात. ते जोडण्याची खूणही आत घालावी लागते, म्हणून मग प्रत्येक तुकड्यात ६७ च जागा उरतात. बिल तुकड्यांवर लागतं. आमच्या बाजारात एका तुकड्याला पंधरा-वीस पैसे पडतात. एकाला पाठवायचा असेल तर हसून सोडून द्यावं, पण आमचे व्यापारी एका वेळी पन्नास हजारांना पाठवतात.

रिंग रोडच्या कापड बाजारातले आमचे बहुतेक ग्राहक हा हिशोब तोंडपाठ करून येतात. नवा माल आला, सेल लागला, पेमेंट बाकी आहे, सगळं रोमन लिपीत. गुजरातीही रोमनमध्ये, हिंदीही रोमनमध्ये. गुजराती लिपीलाही सत्तरच जागा ना! कारखान्यात काम करणारा मराठी माणूस तर कुणाच्या हिशोबातच नसतो.

म्हणून गेल्या वर्षी लिंबायतमधल्या एका मराठी शाळेचे सर आमच्या ऑफिसात आले तेव्हा मला बरं वाटलं. खानदेशातल्या मंडळींनी चालवलेली शाळा. पालक आपल्याच भागातले, शहादा, अमळनेर, पारोळा, यावल. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, बायका घरी साड्यांवर खडी चिकटवतात. पाळी बारा तासांची. लूमच्या खडखडाटात फोन वाजलेला ऐकू येत नाही, आणि आला तरी कारखान्यातल्या मास्टरसमोर बोलता येत नाही. सरांनी व्हॉट्सॲपचा ग्रुप काढून पाहिला होता. त्यावर सकाळी फुलं, दुपारी देव, संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस. लसीकरणाची सूचना त्या ढिगात अशी हरवली की निम्मी मुलं त्या दिवशी आलीच नाहीत. शिवाय महिन्याच्या शेवटी कितीतरी जणांचा रिचार्ज संपलेला असतो. "मॅडम, एवढंच पाहिजे, शाळेचं म्हणणं थेट बापाच्या खिशात पोचलं पाहिजे," सर म्हणाले. मी हो म्हटलं.

प्रोग्राम लिहिणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. पालकांच्या नंबरांची यादी, इयत्तेप्रमाणे गट, मजकूर निवडला की बटण. आमचा सर्व्हर तो पुढच्या कंपनीला देतो, ती मोबाईल कंपनीच्या संदेश केंद्राला देते. हे केंद्र म्हणजे आपल्या गावचं जुनं पोस्ट समज. माणूस घरी नसला की पत्र ठेवून घ्यायचं आणि आला की द्यायचं. फोन बंद असेल, रेंजबाहेर असेल तर मेसेज तिथे थांबतो, फोन जागा झाला की उतरतो. किती वेळ थांबायचं ते आपण सांगू शकतो, आणि यावर मी सरांशी बराच वाद घातला. 'आज शाळा बंद' हा निरोप दुपारी दोनला मिळून उपयोग काय? उलट बाप घाबरून घरी फोन लावणार. म्हणून तसल्या मेसेजचं आयुष्य मी दोन-तीन तासांचंच ठेवलं, तोवर पोचला नाही तर मरू दे. शिष्यवृत्तीच्या कागदांचा मेसेज मात्र दोन दिवस वाट पाहू शकतो.

खरी लढाई मजकुराची झाली. सरांनी पहिला नमुना लिहून आणला: 'सर्व विद्यार्थ्यांच्या पालकांना कळविण्यात येते की अतिवृष्टीमुळे उद्या शाळा बंद राहील.' शुद्ध, सभ्य, नोटीस बोर्डावर शोभेल असा. मी त्यांच्यासमोर मोजला. 'उद्या' पर्यंत येईस्तोवर ६९ जागा भरल्या होत्या! म्हणजे जे सांगायचं ते, 'शाळा बंद', पहिल्या तुकड्यात आलंच नाही. एकूण ८५, बिल दोन मेसेजचं. मग आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: 'पाऊस जास्त आहे. उद्या शाळा बंद. मुलांना घरीच ठेवा.' बरोबर ५०. उरलेल्या वीस जागांत शाळेचं नाव बसलं. सर थोडे नाराज होते, "आदर कुठे दिसतो यात?" म्हणाले. मी म्हटलं, सर, 'ठेवा' मधला 'वा' आहे ना, तेवढा आदर पुरतो.

मग शाळा चालवणाऱ्या संस्थेचे एक हिशोबी काका म्हणाले, रोमनमध्येच पाठवू, १६० जागा मिळतात, काटछाट कशाला. वाद घालण्याऐवजी मी शाळा सुटताना फाटकाशी उभी राहिले आणि आलेल्या पालकांना फोनवर तीच सूचना दोन्ही लिपींत दाखवली. रोमन दिसली की बहुतेकांनी फोन सरळ मुलाच्या हातात दिला. देवनागरी दिसली की स्वतः वाचली, ओठ हलवत का होईना. एक आजोबा तर 'घरीच ठेवा' वाचून म्हणाले, "मंग, आम्ही कुठं पाठवतो पुरात?" चौथी-सातवीपर्यंत मराठीत शिकलेली माणसं गं ही. त्यांना वाचता येतं. आपणच त्यांना अडाणी ठरवत होतो. काकांनी पुढे हरकत घेतली नाही.

तू म्हणशील, हा सत्तरचा जाच इतकी वर्षं कुणी दूर केला कसा नाही? केला की, कागदावर. २००९-१० च्या सुमाराला जागतिक मानकात हिंदी, गुजराती, तमिळ, बंगाली अशा दहा भारतीय भाषांचे सात बिटांचे तक्ते आले. मराठीचा वेगळा नाही, पण हिंदीच्या तक्त्यावर आपलं भागलं असतं आणि एका मेसेजमध्ये दीडशेच्या वर चिन्हं बसली असती. पण त्यासाठी पाठवणारा, मधली केंद्रं आणि घेणारा फोन, सगळ्यांना तो तक्ता कळायला हवा. माझ्या कामात तो वापरताना मी कुणाला पाहिलेलं नाही. उलट मराठी मेसेज उघडला की नुसते चौकोन दिसणारे फोन तू मी दोघींनी वापरलेत. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर आपल्या सगळ्या अनुसूचित भाषा वाचता आल्याच पाहिजेत, असा आदेश केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढला. आता चौकोन जवळजवळ दिसत नाहीत. वाचण्याची अडचण सुटली, जागेची राहिली.

बरं, मजकूर ठरला म्हणून पाठवता येतो असंही नाही. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनी सगळं बांधून टाकलंय. शाळेने आधी स्वतःची नोंदणी करायची, मग सहा अक्षरांचं पाठवणाऱ्याचं नाव मंजूर करून घ्यायचं, मग प्रत्येक मजकुराचा साचा. साच्यात तारीख, वेळ, इयत्ता एवढ्याच जागा बदलत्या, बाकी शब्द न् शब्द नोंदवलेलाच हवा. नसला तर मेसेज वाटेतच अडवतात. आता तर नावापुढे जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी असेल तर जी असं अक्षरही लागतं. तुझ्या घरून काकू तुला कधी मेसेजचा फोटो पाठवतील तेव्हा बघ. सगळ्यात आधी जी दोन अक्षरं असतात, त्यांतलं पहिलं मोबाईल कंपनीचं आणि दुसरं विभागाचं.

या साच्यांनी मला मराठीचा एक नवाच धडा दिला. 'ॲडमिशन' मधला पहिला स्वर दोन प्रकारे टाइप होतो. एक अखंड 'ॲ', दुसरा 'अ' वर अर्धचंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे. 'दुसऱ्या' मधल्या 'ऱ्या' चेही तसेच दोन-तीन अवतार आहेत, एकात तर न दिसणारं चिन्ह दडलेलं असतं आणि तेही जागा खातं. शाळेतल्या बाई एका कळफलकावर टाइप करतात, मी दुसऱ्यावर. तेव्हा साचा नोंदवण्याआधी आणि पाठवण्याआधी मजकूर एकाच वळणावर आणणारा छोटा प्रोग्राम लिहिला. सगळ्या सेवेत मला सर्वांत जास्त अभिमान त्या पंचवीस-तीस ओळींचा आहे आणि त्या कुणालाही दिसत नाहीत.

हे नियम जाचक वाटतात, पण त्यांच्यामागची कारणं आपण भोगलीत. आठवतं, कॉलेजात असताना फोन हातात घ्यावा तर प्लॉट, कर्ज, लॉटरी? असे मेसेज नकोत म्हणणाऱ्यांच्या नोंदणीची यादी आली, नियम आले, २०११ मध्ये तर एका सिमवरून दिवसाला १०० च मेसेज अशी मर्यादा आली. ती पुढे दोनशेवर गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडची माणसं बेंगळुरू-पुण्याहून घाबरून निघाली तेव्हा सरकारने काही दिवस दिवसाला पाचच मेसेज पाठवू दिले होते. मेसेज अफवाही तितक्याच इमानाने पोचवतो. पण चाळणी लावतानाही जपावं लागतं. ८ मार्च २०२१ ला साच्यांची तपासणी एकदम सुरू झाली आणि देशभर लोकांचे ओटीपी अडकले, बँकांपासून लसीकरणाच्या नोंदणीपर्यंत. ट्रायला ती तपासणी सात दिवस थांबवावी लागली. त्या दिवशी आमच्या ऑफिसात फोन ठेवायला उसंत नव्हती.

सेवा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ फोनवर माझ्यावर कडाडले, "बेन, मारा लग्नज नथी थया ने तमे छोकराने घरे राखवानुं कहो छो?" बिचाऱ्याला नवा नंबर मिळाला होता, तो आधी आपल्या एका पालकाचा होता. रिचार्ज झाला नाही की नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. आपली माणसं वर्षात दोन-दोन सिम बदलतात. संदेश केंद्र मात्र इमानदारीत कळवतं, 'पोचला'. पोचला हे खरं, कुणाला ते विचारू नकोस. आता प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला वर्गशिक्षिका मुलांकडून नंबर ताडून घेतात. संगणकाने जमलं नाही ते तिसरीतल्या पोरांनी केलं.

आणि हे सगळं लिंबायतमध्ये एवढं महत्त्वाचं का, ते तुला सांगायला नको. मिठी खाडीला पाणी आलं की शाळेच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. या जूनमध्येही तेच झालं. तापीचा पूर वेगळा, खाडीचा वेगळा, पण पावसाळ्यात आई अजून दोन्हींचा धसका घेते. ऑगस्ट २००६ तू विसरली नसशील. उकाई धरणातून सोडलेलं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं होतं. उधन्यात आपण थोडक्यात बचावलो, अडाजण-रांदेरकडे लोक वरच्या मजल्यांवर अडकले, ना वीज ना पाणी. फोनचं चार्जिंग संपलं आणि शहर मुकं झालं. पण त्याआधी आपल्या घराघरांत निरोप आले होते, भुसावळहून, प्रकाशाहून. 'हतनूरचे दरवाजे उघडले.' 'इकडे नदी काठोकाठ आहे.' तापी आधी खानदेशातून जाते आणि मग उकाईत शिरते, त्यामुळे वरच्या अंगाला राहणारे मामा-काका हेच आपलं हवामान खातं होतं. त्यानंतर सुरत महापालिकेने धरणावरची आणि पावसाची माहिती जोडून पूर्वसूचनेची यंत्रणा उभी केली. २०२३ मध्ये तर देशात ठिकठिकाणी फोन किंचाळवणाऱ्या चाचण्याही झाल्या. त्यात नंबरांची यादीच लागत नाही, टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम सूचना जाते. जीव वाचवायला तीच पद्धत योग्य. पण 'तुमच्या पोराची शाळा उद्या बंद' हे सांगायला टॉवर कामाचा नाही, तिथे यादी हवी आणि यादी राखणारं माणूस हवं.

मी फार हुरळलेय असं समजू नकोस. २००७ मध्ये रॉयटर्सने महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी बाजारभाव आणि हवामानाचे मेसेज सुरू केले होते, मराठीतून, वर्गणी घेऊन. कल्पना सुंदर. पुढे मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन या अभ्यासकांनी शंभर गावांत तपासलं, तर मेसेज मिळणाऱ्या शेतकऱ्यांना मालाचा भाव सरासरीने काही जास्त मिळाल्याचं दिसलं नाही. भाव कळला म्हणून बाजार बदलत नाही. गाडीभाडं, आडत, पैशांची निकड तशीच राहते. हे मी सरांनाही सांगितलं. आपला मेसेज पोराला शाळेत बसवणार नाही, बापाची पाळी कमी करणार नाही. ज्या दिवशी एका ओळीने एखाद्याची फेरी वाचते, त्या दिवसापुरताच तो कामाचा. शाळेच्या वर्षात असे दिवस बरेच असतात, हेच आपलं भांडवल.

तर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की व्हॉट्सॲप गप्पांना छान आहे आणि मेसेज निरोपाला. देवनागरीला अर्ध्याहून कमी जागा देणारा हिशोब अन्यायाचा आहेच, त्यावर मी भांडत राहीन. पण वर्षभर मोजून-मोजून लिहिल्यावर एक लक्षात आलं. आमचं बिल मराठीने वाढत नव्हतं, 'कळविण्यात येते की' ने वाढत होतं. घरात बोलतो ती मराठी सत्तरात आरामात बसते. आता शाळेच्या सतरा साच्यांपैकी एकही दोन तुकड्यांचा नाही, आणि हिशोबी काका स्वतः बोटांवर मात्रा मोजतात.

पुढचं काम आवाजाचं. काही घरांत आजीच सगळं बघते आणि तिला वाचता येत नाही. तिच्यासाठी तीच सूचना बोलून दाखवणारा फोन लावायचा आहे. आवाज शाळेतल्या बाईंचाच घेणार, अहिराणीत बोलायला त्या तयार आहेत.

तोवर तुझ्यावर एक काम टाकते. दिवाळीच्या सुट्टीचा साचा तू लिही. सुट्टी कधीपासून, शाळा कधी उघडणार, आणि गावाहून वेळेवर परत या, एवढं सगळं आलं पाहिजे. तारखा धरून सत्तर जागा, वर शाळेचं नावही त्यातच. वर्गात तुझे निबंध पुरवण्या जोडल्याशिवाय संपायचे नाहीत, तेव्हा तुला जमेल यावर माझी पैज नाही. पण जमलं तर साच्याची नोंदणी मी त्याच दिवशी करते, आणि काकूंकडे तुझ्या आवडीचे कळण्याचे पापड पोचते करते. त्या जर्मनीला येणाऱ्या कुणाबरोबर तरी धाडतीलच.

तुझीच,
रत्ना